पृथ्वीच्या पोटातलं जास्त घन, की अंगठीतलं सोनं?

टिळकवाडीकर (धागालेखक)
नमस्कार मंडळी. आमच्या कट्ट्यावर पेटलेला एक वाद अजून विझलेला नाही, म्हणून इथे आणतोय. मित्राचं म्हणणं असं की जमिनीत जितकं खोल जावं तितका दाब वाढतो, त्यामुळे पृथ्वीच्या अगदी मध्यावर जे काही आहे तेच पृथ्वीवरचं सर्वात घन. माझं म्हणणं, सोनं. पैज कुंद्याची आहे, आमच्या बेळगावच्या मिठाईची, एक किलो.
तर दोन प्रश्न. पृथ्वीवरचा सर्वात घन पदार्थ कोणता? आणि सर्वात घन थर कोणता? दोन्हीचं उत्तर एकच आहे का?
जड आणि घन यातला फरक आम्हाला कळतो. एक किलो कापूस आणि एक किलो लोखंड हा विनोद कृपया कुणी टाकू नये.

खडेबाजार
एक किलो कापूस.

निपाणीकर
😂 पहिल्याच प्रतिसादात विकेट.
शिसं असणार. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते बघा, चिमूटभर असतं खरं हाताला कसं लागतं.

बॅकलॉगवाला
शिसं कुठलं काका. आकडे देतो, सगळे दर घनसेंटिमीटरला ग्रॅममध्ये: लोखंड ७.८७, शिसं ११.३४, पारा १३.५३, युरेनियम १९.०५, टंगस्टन १९.२५, सोनं १९.३, प्लॅटिनम २१.४५, इरिडियम २२.५६, ऑस्मियम २२.५९.
शिसं या यादीत पाऱ्याच्याही खाली आहे, म्हणजे पाऱ्यात टाकलं तर तरंगेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ऑस्मियम. एक लिटर पाण्याच्या बाटलीएवढा ऑस्मियमचा ठोकळा साडेबावीस किलो भरेल. धागालेखक, तुमचं सोनं पहिल्या तिनातसुद्धा नाही.

टिळकवाडीकर
सोनं पहिलं नाही हे मान्य. खरं मित्राचं काय? मध्यभाग ऑस्मियमपेक्षा घन आहे की नाही ते सांगा.

शहापूर सराफ
धातूंचं चाललंय म्हणून लिहितो. आमच्या धंद्यात घनता ही पुस्तकातली गोष्ट नाही. सोनं १९.३ आणि टंगस्टन १९.२५, हा एवढासा फरक बऱ्याच लोकांना रडवून गेलाय. बिस्किटाच्या पोटात टंगस्टन घालून वरून सोन्याचा जाड पत्रा चढवला तर वजनाने आणि मापाने दोन्हीकडून ते खरंच वाटतं. कसोटीच्या दगडावर घासलं तरी वरचंच सोनं घासलं जातं. कॅरेट तपासायचं एक्स-रे मशीनही वरवरचंच बघतं. ठोकळ्याला भोक पाडणं किंवा वितळवून बघणं, किंवा ध्वनिलहरी आरपार सोडणं, असलेच उपाय मग.
दागिन्याची गोष्ट वेगळी. २२ कॅरेटची घनता १७.७ च्या आसपास येते, आत तांबं किती आणि चांदी किती यावर थोडी इकडेतिकडे. भरीव दागिना हवेत तोलायचा, मग दोऱ्याने पाण्यात सोडून तोलायचा, हवेतल्या वजनाला दोन्हीतल्या फरकाने भागायचं. माझे आजोबा हे करायचे. पितळ, चांदी, तांबं घातलेलं असेल तर लगेच कळतं. खडे किंवा लाख भरलेली असेल तर मात्र विसरा.
आणि सिनेमातले चोर सोन्याची पोती खांद्यावर टाकून पळतात ना, त्यांना माझा नमस्कार. वीस लिटर मावणारी बॅग सोन्याने गच्च भरली तर पावणेचारशे किलोच्या वर जाते.

निपाणीकर
आमच्याकडे तंबाखूचं पोतं उचलताना पाठ मोडते, हे लोक सोनं घेऊन भिंतीवरून उड्या मारतात.

उद्यमबाग फाउंड्री
मध्यभागाचं मी सांगतो, आमचं सगळं आयुष्य वितळलेल्या लोखंडासमोर गेलंय. कपोलात, म्हणजे आमच्या वितळवायच्या भट्टीत, पिग आयरन (कच्चं लोखंड), भंगार, कोक आणि चुनखडी घालतोय आम्ही. सगळं वितळलं की काय होतंय? लोखंड तळाला बसतंय, स्लॅग, म्हणजे दगडासारखा मळ, वर तरंगतोय. म्हणून तर स्लॅगचं भोक वर आणि लोखंडाचं टॅपिंगचं भोक खाली. कुणी वेगळं करायला जात नाही, आपोआप होतंय. पृथ्वी पण सुरुवातीला वितळलेली होती असं शाळेत शिकलोय. मग लोखंड खाली गेलं आणि दगड वर राहिला. आपण सगळे स्लॅगवर राहालोय बघा.

भूगोलबाई खानापूर
फाउंड्रीवाले दादा, यापेक्षा चांगलं मी वर्गात सांगू शकले नसते.
आता आकडे. संपूर्ण पृथ्वीची सरासरी घनता ५.५१. खंडांच्या कवचातला दगड सरासरी २.७, समुद्राच्या तळाचं कवच २.९ ते ३. कवच संपून प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला जाड थर, सुरू होतं तिथे ३.३ ते ३.४, आणि प्रावरणाच्या तळाशी, २,९०० किलोमीटर खोलीवर, ५.६ च्या जवळ. त्यानंतर बाह्य गाभा, द्रवरूप, लोखंड आणि थोडं निकेल. तो एकदम ९.९ ला सुरू होतो आणि खाली १२.२ पर्यंत जातो. ५,१५० किलोमीटर खोलीवर आंतरगाभा, घनरूप, १२.८ पासून केंद्रात १३.१ पर्यंत.
म्हणजे सर्वात घन थर आंतरगाभा, याबद्दल वाद नाही. पण तो १३.१ आहे हो. पाऱ्यापेक्षाही किंचित कमी! सोन्याच्या जवळपाससुद्धा नाही.
मला यात सगळ्यात विलक्षण वाटते ती २,९०० किलोमीटरवरची उडी. ५.६ वरून ९.९. आपण उभे आहोत तिथे हवा संपते आणि जमीन लागते, तो फरक जेमतेम २.७ चा. घनतेची पृथ्वीतली सर्वात मोठी पायरी आपल्या पायाखाली नाही, तिथे आहे.

खडेबाजार
म्हणजे मित्र हरला. कुंदा कुठे पाठवायचा, पत्ता द्या, मी येतो.

चोर्ला घाट
थांबा जरा. हे सगळं बघून कोण आलंय? रशियात भोक पाडलं ते बारा किलोमीटरवर थांबलं. कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरच्या वर खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर. म्हणजे सालीलासुद्धा धड ओरखडा नाही, आणि तुम्ही दशांश चिन्हानंतरचे आकडे देताय.

भूगोलबाई खानापूर
रास्त शंका. कोला द्वीपकल्पावरचं भोक १२,२६२ मीटर, १९८९ मध्ये तिथवर पोहोचलं. त्रिज्येच्या एक टक्क्याचा पाचवा हिस्सासुद्धा नाही.
पण जाऊन बघायची गरज नाही. आधी वजन. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये खोलीत बसून, शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण मोजून, पृथ्वी पाण्याच्या साडेपाच पट घन आहे हे काढलं. वरचा दगड २.७ आणि सरासरी साडेपाच, म्हणजे आत नक्की काहीतरी जास्त घन आहे, एवढं तेव्हाच कळलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना जशी डुलते त्यावरूनही समजतं की वजन मध्याकडे जमलेलं आहे.
मग भूकंपाच्या लहरी. गाभा आहे हे ओल्डहॅमने १९०६ मध्ये दाखवलं. हा गृहस्थ भारताच्या भूगर्भ सर्वेक्षणात होता, आणि १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास त्याचाच. गुटेनबर्गने १९१४ मध्ये गाभ्याची खोली काढली. १९३६ मध्ये इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदी बघून सांगितलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. जिथे लहरी पोहोचायला नको होत्या तिथे क्षीण का होईना पोहोचत होत्या. भूकंपाच्या लहरींपैकी दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, आधी पोहोचणाऱ्या प्राथमिक लहरींचा वेग थराथराला बदलतो, आणि पृथ्वीचं एकूण वजन आधीच माहीत आहे. हे सगळं एकाच वेळी जुळवायचं म्हटलं की आकड्यांना इकडेतिकडे पळायला फार जागा उरत नाही.

चोर्ला घाट
वजन आणि लहरी दोन्ही जुळवायच्या, हे पटलं. दशांशाबद्दल मात्र माझं मत राखून ठेवतो.

हलशीचा पाहुणा
ओळंब्याची गोष्ट कुणी सांगितली नाही अजून. इंग्रजांनी देश मोजायला घेतला, एव्हरेस्ट साहेबाच्या काळात, तेव्हा कल्याणपूर आणि उत्तरेतल्या कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर दोन रीतींनी काढलं. एकदा जमिनीवरून त्रिकोण मोजून, एकदा ताऱ्यांवरून. पाच विकलांचा फरक आला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). शंका अशी की हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढतोय. प्रॅट नावाचा कोलकात्याचा पाद्री होता, त्याने हिमालयाचं वजन धरून गणित केलं, तर ओढ सुमारे सोळा विकला निघाली. म्हणजे हिमालय ओढत होता, खरं हवा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यानेच! मग एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये सांगितलं की डोंगराखाली हलक्या दगडाची मुळं खोल गेलेली असणार, ती वरच्या वजनाची भरपाई करतात. डोंगर पण तरंगतोय म्हणजे. पाद्र्याने चर्च सांभाळून हे केलं, आमच्या हातून घरचा हिशेब होत नाही.

उद्यमबाग फाउंड्री
मला एक कळालं नाही. आमचं कास्टिंग ७.२ भरतंय, शुद्ध लोखंड ७.८७. मग गाभ्यात लोखंडच आहे तर १३ कसं झालं?

बॅकलॉगवाला
दाब. केंद्रात ३६४ गिगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या छत्तीस लाख पट. तापमान पाच-सहा हजार अंश. अणू एकमेकांजवळ सरकतात, लोखंड दाबलं जातं. शुद्ध लोखंड त्या दाबाला याहून थोडं जास्तच घन व्हायला हवं होतं. बाह्य गाभा हिशेबापेक्षा काही टक्के हलका निघतो, म्हणून त्यात गंधक, सिलिकॉन, ऑक्सिजन असलं काहीतरी मिसळलेलं आहे असं मानतात. नेमकं काय आणि किती, यावर भांडणं चालू आहेत.
आता माझा मुद्दा. तुम्ही सगळे धातूंवर अडकलाय. अणूचं केंद्रक घ्या: दर घनसेंटिमीटरला सुमारे २३ कोटी टन. आणि ते प्रत्येकाच्या नखात आहे. तेव्हा पृथ्वीवरचं सर्वात घन द्रव्य म्हणजे अणुकेंद्रक, ऑस्मियम नव्हे. ऑस्मियम म्हणजे बहुतेक पोकळीच.

खडेबाजार
हा पोरगा तोंडी परीक्षेत नापास होतो ते याच कारणाने.

भूगोलबाई खानापूर
त्याचं चूक नाही, पण केंद्रक म्हणजे पदार्थ नव्हे. बाटलीत भरून तराजूवर ठेवता येईल असं काहीतरी हवं. धागा पृथ्वीच्या थरांचा आहे, न्यूट्रॉन ताऱ्यांवर जाऊ नका कृपया.

वडगाव विणकर
सर्वात घन थर कोणता ते मी सांगतो. सीमाप्रश्नाच्या फायलींचा. १९५६ पासून साचतोय, दाब वाढतोय, खरं घट्ट होण्यापलीकडे काय होत नाही.

नियंत्रक
वडगाव विणकर, हसलो, पण तो विषय त्याच्या धाग्यावर. इथे दगड-धातूच राहू द्या.

शाईपेन
ऑस्मियम-इरिडियमचा विषय निघाला म्हणून. शाईच्या पेनाच्या निबचं टोक गोल, चकचकीत असतं ना, ते निबच्या धातूचं नसतं. वेगळा कठीण मिश्रधातू टोकाला वितळवून बसवतात. पूर्वी त्यात ऑस्मियम-इरिडियम असायचं, आता टंगस्टन, रुथेनियम, रेनियमसुद्धा चालतं. 'इरिडियम पॉइंट' कोरलेल्या निबमध्ये बऱ्याचदा इरिडियम नावालाही नसतं. आमच्या घरातल्या जुन्या पेनाच्या टोकावर असेल तर असेल, तेवढाच काय तो माझा या यादीशी संबंध.
आणि ऑस्मियम घरी आणायचा विचार कुणी करू नये. भुकटीच्या रूपात हवेशी संयोग होऊन ऑस्मियम टेट्रॉक्साइड तयार होतं. ते विषारी आहे, डोळ्यांना फार वाईट.

बॅकलॉगवाला
दोघांत फरक फक्त ०.०३ चा आहे, त्यामुळे बरीच वर्षं इरिडियमच पहिलं धरायचे. नंतर क्ष-किरणांनी स्फटिकातली अणूंची अंतरं नीट मोजली आणि ऑस्मियम पुढे गेलं. गंमत म्हणजे हे साध्या दाबाला. दाब हवेच्या तीस हजार पटींच्या आसपास नेला की इरिडियम ऑस्मियमला मागे टाकतं.

सदाशिवनगर
मी तो मित्र. 🙋 धागा वाचला, कुंदा घ्यायला निघालेल्यांनी जरा थांबावं.
इरिडियमचं आत्ता जे लिहिलं तोच माझा मुद्दा आहे. तुम्ही गाभ्यातलं लोखंड छत्तीस लाख पट दाबाखाली मोजताय आणि सोनं सराफाच्या काट्यावर. ही तुलनाच बरोबर नाही. लोखंड वर आणा, ७.८७ होतं. सोनं खाली न्या, ते २० च्या कितीतरी वर जाईल. म्हणजे पृथ्वीच्या पोटात कुठेतरी थोडं सोनं असेल तर तेच तिथलं सर्वात घन, आणि ते केंद्राजवळ आहे! मी म्हणालो होतो की मध्यभागी जे आहे ते सर्वात घन. मग मी हरलो कसा?

टिळकवाडीकर
वकील का झाला नाहीस रे तू? तू म्हणालास 'मध्यभागी जे काही आहे ते'. त्यात लोखंड आलं.

शहापूर सराफ
गाभ्यात सोनं आहे का पण खरंच? किती?

भूगोलबाई खानापूर
आहे, आणि भरपूर. सोनं, प्लॅटिनम, इरिडियम, ऑस्मियम हे लोखंडाचे सोबती. लोखंड खाली गेलं तेव्हा हे त्याच्यात विरघळून बरोबर गेले. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ग्रीनलंडच्या अतिप्राचीन खडकातलं टंगस्टन तपासलं, तेव्हा हा हिशेब पुन्हा चर्चेत आला: गाभ्यातले मौल्यवान धातू वर आणले तर सगळ्या पृथ्वीवर चार मीटर जाडीचा थर होईल. पण ते लोखंडात अणू-अणूने पसरलेले आहेत, तिथे सोन्याचा गोळा पडलेला नाही. त्यामुळे सदाशिवनगर, तुमचं अपील फेटाळलं.
मग वर जे सोनं मिळतं ते कुठून आलं? गाभा तयार होऊन गेल्यावर पडलेल्या उल्कांनी आणलं, असं बहुतेक भूरसायनशास्त्रज्ञ मानतात.

शहापूर सराफ
म्हणजे आमचा माल मूळचा इंपोर्टेडच.

हलशीचा पाहुणा
बाई, इरिडियमचं राहिलं. डायनोसॉर गेले त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियम जास्त सापडलं, इटलीत गुब्बियोला, अल्वारेझ बाप-लेकांनी १९८० मध्ये जाहीर केलं. ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला दख्खनचा काळा दगड पण त्याच सुमाराचा ना? मग आपल्याकडे का नाही तो थर?

भूगोलबाई खानापूर
आहे की! कच्छमध्ये अंजारला लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात इरिडियम सापडलंय. मेघालयातही आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्यात मात्र लाव्ह्याचा दक्षिणेकडचा काठ येतो. उत्तरेला, चिकोडी-निपाणीकडे काळा दगड. गोकाकला पाणी ५२ मीटर खाली कोसळतं तो वालुकाश्म कलादगीचा, लाव्ह्याच्या कितीतरी आधीचा. खानापूर-जांबोटीकडे वर जांभा, आणि खाली धारवाडचे फार जुने खडक. दिवसभराच्या एसटी प्रवासात एवढं बघायला मिळतं, आणि आमची मुलं खिडकीत मोबाइल बघत बसतात.

चोर्ला घाट
माझी गाडी खनिजाच्या धंद्यात होती म्हणून अनुभवाचं सांगतो. बॉक्साइट भरलं की डंपर काठोकाठ दिसतो. लोहखनिज भरलं की अर्धा-पाऊणच, नवखा माणूस म्हणतो रिकामा चाललाय. हेमटाइट हे लोहखनिज ५.२ च्या घरात. मालकाला वाटायचं आम्ही माल वाटेत उतरवला.

निपाणीकर
मघापासून एक प्रश्न अडलाय. पृथ्वीच्या केंद्रात एवढा दाब, तर तिथे माझं वजन किती भरेल?

बॅकलॉगवाला
शून्य. सगळ्या बाजूंनी सारखीच ओढ. आणि वजन खाली जाताना लगेच कमीही होत नाही. गाभ्याच्या वरच्या काठाला, २,९०० किलोमीटरवर, गुरुत्वाकर्षण उलट थोडं जास्त असतं, इथे ९.८ तर तिथे १०.७ च्या जवळ. तिथून पुढे उतरत जातं.

निपाणीकर
सौ.ला सांगतो, जिम बंद, केंद्राकडे निघालो.

हलशीचा पाहुणा
खोल भोकाचं म्हणाल तर लांब कशाला, कोयनेला बघा. १९६७ च्या भूकंपानंतर तिथे हादरे थांबलेलेच नाहीत, म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने सुमारे तीन किलोमीटर खोल वेधन केलं. कराडला त्यांची प्रयोगशाळा आहे. हजार-बाराशे मीटरला काळा दगड संपला आणि खाली ग्रॅनाइटी खडक लागला. म्हणजे वर जास्त घन आणि खाली कमी घन! बाई, हे कसं काय?

भूगोलबाई खानापूर
लाव्हा आधीच्या जमिनीवर पसरून घट्ट झाला म्हणून. काळा दगड २.९ च्या आसपास, ग्रॅनाइट २.६५-२.७. 'खोल तेवढं घन' हा नियम कवचात जागोजागी मोडतो, कारण कवच हे नंतरच्या घडामोडींनी रचलं गेलंय. शेकडो किलोमीटरच्या हिशेबात तो खरा ठरतो.
येत्या रविवारी शाळेच्या मुलांना दगडांची घनता काढायला बसवणार आहे. प्रत्येकाने आपल्या गावचा एक दगड आणायचा. कुणाला यायचं असेल तर या, तराजू लागतील.

उद्यमबाग फाउंड्री
मी येतोय. ग्रे आयरनचा एक तुकडा आणि स्लॅगचा एक घेऊन. पोरं बघू देत.

वडगाव विणकर
मी घराच्या पडक्या भिंतीतला जांभ्याचा चिरा मोजायचा प्रयत्न केला आत्ताच. बादलीत टाकला तर बुडबुडेच बुडबुडे, आणि स्प्रिंगच्या काट्यावर वजन दर मिनिटाला वाढतंय. कुठला आकडा धरायचा?

भूगोलबाई खानापूर
जांभ्याला भोकं असतात, पाणी आत शिरतंय. रात्रभर भिजवून मोजलात तर एक आकडा येईल, सुका मोजलात तर दुसरा, आणि दोन्ही खरे. सुक्याचं आकारमान हवं असेल तर आधी कोरडं वजन घ्या, मग चिरा वितळलेल्या मेणात बुडवून काढा आणि पाण्यात सोडा. मेणाचं आकारमान वजा करायला विसरू नका.

उद्यमबाग फाउंड्री
अख्खा चिरा मेणात बुडवायला जाऊ नका, मुठीएवढा तुकडा फोडून घ्या. मेण मी आणतो. सराफ, तुमचा बारीक काटा तेवढा आणा.

शहापूर सराफ
आणतो. खरं त्यावर दगड मीच ठेवणार.